एसी नसलेल्या हॉस्टेलच्या खोलीत सांगलीचा उन्हाळा कसा काढायचा

एप्रिलमध्ये रात्री अकरा वाजता सांगलीतल्या कुठल्याही हॉस्टेलच्या गच्चीवर गेलात तर वारं लागतं, बरं वाटतं. जिना उतरून खोलीत आलात की पुन्हा घाम. बाहेर गार आणि आत गरम, ही तफावत नीट समजली तर निम्मा प्रश्न सुटतो.

सांगली समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे आणि उन्हाळ्यात इथली हवा कोरडी असते. एप्रिल-मेमध्ये दुपारी पारा ३८-३९ अंशांवर जातो, काही दिवस चाळिशीही गाठतो, पण पहाटे तोच २२-२३ पर्यंत उतरतो. मुंबईच्या पोरांना ही सोय नाही, त्यांची रात्रही चिकट असते. आपल्याकडे रोज रात्री गार हवा खिडकीबाहेर उभी असते. ती आत घ्यायची, सकाळी कोंडून ठेवायची आणि दिवसभर ऊन आत शिरू द्यायचं नाही, एवढंच मुख्य काम आहे. कूलर, ओले पडदे, बर्फाचं भांडं हे सगळं त्यानंतर.

शिवाजी विद्यापीठाच्या उन्हाळी सत्राच्या परीक्षा नेमक्या याच दिवसांत असतात. त्यामुळे घरी पळून जाण्याचा पर्याय बहुतेकांना नसतो. वसतिगृहाची जबाबदारी सांभाळताना वर्षानुवर्षं जे उपयोगी पडताना पाहिलं, ते इथे क्रमाने लिहितो आहे.

आधी आपली खोली ओळखा

रात्री नऊच्या सुमारास खोलीतल्या चारही भिंतींना हात लावून बघा. वरचा मजला असेल तर कॉटवर उभं राहून तळहात छताजवळ न्या, मात्र आधी पंखा बंद करा. जी बाजू सर्वांत तापलेली लागेल तिथूनच तुमचा त्रास येतो आहे.

काँक्रीटचा पाच इंची स्लॅब दुपारभर तापतो, पण ती धग खालच्या बाजूला पोचायला तीन-चार तास लागतात. म्हणून वरच्या मजल्यावरच्या खोल्या दुपारी दोनपेक्षा संध्याकाळी सातनंतर जास्त नकोशा होतात. पश्चिमेच्या भिंतीचंही तसंच. ती तीन ते सहा ऊन खाते आणि झोपायच्या वेळेला परत देते.

दक्षिणेच्या भिंतीची मात्र मे महिन्यात फारशी काळजी करू नका. सांगलीवर सूर्य ७ मेच्या सुमारास बरोबर डोक्यावर येतो, तो आपला शून्य सावलीचा दिवस. त्यानंतर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडून जातो. म्हणजे ऐन उन्हाळ्यात सगळा मार स्लॅबवर आणि पूर्व-पश्चिम भिंतींवर पडतो. पैसे आणि मेहनत तिथेच लावा.

खोली निवडायची संधी असेल तर सगळ्यात वरचा मजला सोडून मधला मजला घ्या, आणि पश्चिमेची खिडकी टाळा. बंक बेड असेल तर उन्हाळ्यापुरती खालची जागा मागून घ्या, कारण गरम हवा छताखाली साचते. वर झोपणाऱ्याला तिचा त्रास सर्वांत जास्त होतो. तिघांनी आळीपाळी केली तर कुणावर अन्याय नाही.

खिडक्यांचं वेळापत्रक

पाळायला सर्वांत सोपी आणि सर्वांत जास्त मोडली जाणारी गोष्ट हीच. पोरं रात्री डासांना भिऊन खिडक्या लावून घेतात आणि दुपारी 'हवा येऊ दे' म्हणून सताड उघड्या टाकतात. अगदी उलट करायला हवं.

सकाळी आठ-साडेआठपर्यंत, बाहेरची हवा अंगाला कोमट लागायला लागली की, खिडक्या लावा, पडदे ओढा. झरोकेही झाका. दुपारी ३९ अंशांची हवा आत घेऊन खोली गार होत नाही. अंगाला वारा लागल्यासारखं वाटतं तेवढंच, भिंती मात्र तापत जातात. खोलीत कुणी असेल तर हवा बदलण्यापुरतं दार अधूनमधून उघडावं, शक्यतो सावलीतल्या व्हरांड्याच्या बाजूचं.

संध्याकाळी सूर्य मावळल्यावर लगेच उघडायची घाई नको. व्हरांड्यात उभं राहा, आत या, फरक बघा. बाहेर गार वाटायला लागलं, साधारण साडेसात-आठला, की सगळं उघडायचं: खिडक्या, झरोके, दार. उन्हाळ्यात संध्याकाळी पश्चिमेचं वारं सुटतं, त्याला आत यायला एक वाट आणि बाहेर जायला दुसरी वाट लागते. एकाच बाजूला खिडकी असलेल्या खोलीत वारा शिरतच नाही. अशा वेळी समोरच्या खोलीवाल्यांशी बोलून दोन्ही दारं एकाच वेळी उघडी ठेवली की दोन्ही खोल्यांतून वारा वाहतो. दाराला पातळ सुती पडदा लावला तर आडोसाही राहतो. मुलींच्या हॉस्टेलमध्ये यात अडचण फार येत नाही, शेजारपाजारच्या खोल्यांनी ठरवायला हवं इतकंच.

डासांसाठी खिडकी लावून घेण्यापेक्षा खिडकीला जाळी लावा. चिकटपट्टीवर बसणारी तयार जाळी मिळते, भिंतीला खिळा ठोकावा लागत नाही. नाहीतर मच्छरदाणी. मच्छरदाणीत वारा थोडा कमी लागतो हे खरं, पण खिडकी रात्रभर उघडी राहिली तर तो तोटा भरून निघतो.

कपाट खिडकीला टेकलेलं असेल तर ते हलवायचं. हॉस्टेलच्या कितीतरी खोल्यांत अर्धी खिडकी कपाटामागे आणि उरलेली वाळत घातलेल्या कपड्यांमागे गेलेली असते.

ऊन काचेच्या बाहेरच अडवा

आतल्या पडद्याने उजेड अडतो, उष्णता अर्धवटच अडते. ऊन काचेतून आत येऊन पडद्यावर पडलं की पडदा तापतो आणि ती धग खोलीतच राहते. तेच ऊन काचेबाहेर अडलं तर धग बाहेरच्या बाहेर जाते. पश्चिमेच्या खिडकीला छज्जाही पुरत नाही, कारण चारनंतर ऊन तिरपं, जवळजवळ आडवं येतं. तिथे उभा आडोसा पाहिजे.

याला सर्वांत चांगली वस्तू आपल्या भागात सहज मिळते ती म्हणजे शेडनेट. द्राक्षबागा आणि रोपवाटिकांमुळे सांगली, मिरज, तासगावच्या कृषी दुकानांत ती मीटरवर मिळते. ५० टक्क्यांची नेट अर्धंच ऊन अडवते, खिडकीसाठी ७५ टक्क्यांची मागा. गजाच्या बाहेरच्या बाजूने, काचेपासून वीतभर अंतर सोडून बांधायची, म्हणजे मधून हवा खेळती राहते. चारही कोपरे सुतळीने घट्ट बांधा. वळवाचा वारा सुटला की सैल नेट पहिल्या झटक्यात फाटते. वरच्या मजल्यावर खिडकीबाहेर वाकून बांधायच्या भानगडीत पडू नका. ते काम हॉस्टेलच्या माणसाकडून शिडी लावून करून घ्या.

नेट नको असेल तर तागाचं बारदान. मार्केट यार्डात जुनी पोती मिळतात. धान्याची घ्या, हळदीची नको, कारण ओलं केलं की पिवळं पाणी भिंतीवरून ओघळतं आणि डाग जात नाही. खताच्या पिशव्या प्लास्टिकच्या असतात, त्या पाणीही धरत नाहीत आणि हवाही सोडत नाहीत.

वरचा मजला असेल तर गच्चीला चुना

एकाच्या खोलीचा उपाय नव्हे, पण वरच्या मजल्यावरच्या सगळ्यांना याचा सर्वांत मोठा फायदा होतो. काळवंडलेली गच्ची ऊन पिते, पांढरी गच्ची बरंचसं परत पाठवते. चुना रात्रभर भिजवून, गाळून, त्यात थोडा फेविकॉल घालून झाडूने किंवा मोठ्या ब्रशने दोन हात द्यायचे. गच्ची आधी झाडून धुऊन घ्या, धुळीवर चुना धरत नाही. पावसाळ्यात तो धुऊन जातो, पण तेव्हा त्याची गरजही नसते.

कळीचा चुना विरघळताना उकळतो आणि डोळ्यांत उडाला तर डोळ्यांना गंभीर इजा होते. चष्मा आणि रबरी हातमोजे घालूनच हे काम करा आणि पाण्याची बादली जवळ ठेवा. डोळ्यांत गेलाच तर भरपूर स्वच्छ पाण्याने धूत राहायचं आणि थेट दवाखाना गाठायचा. रेक्टरची परवानगी आधी घ्या. एनएसएसच्या श्रमदानात हे काम बसवता येतं.

पंखा: आधी दुरुस्त करा, मग दुसरा आणा

छताचा पंखा 'पाचवर टाकला तरी फिरत नाही' अशी तक्रार असेल तर बहुतेक वेळा मोटर चांगली असते, त्याचा कंडेन्सर गेलेला असतो. छताच्या पंख्याला सहसा अडीच मायक्रोफॅरडचा लागतो, वस्तू अगदी स्वस्त आहे. मात्र बदलायला हॉस्टेलच्या वायरमनलाच बोलवा. त्याआधी पाती ओल्या फडक्याने पुसा, वरच्या कडेला साचलेली धूळ वारा कमी करते.

पंखा हवा गार करत नाही. तो अंगावरचा घाम वाळवतो, म्हणून आपल्याला गार वाटतं. कुणी नसलेल्या खोलीत पंखा चालू ठेवणं म्हणजे नुसती वीज. आणि हवा आपल्या त्वचेपेक्षा, म्हणजे साधारण ३५ अंशांपेक्षा, गरम झाली की कोरड्या अंगावर पंखा उलट गरम हवा ओततो. चाळीस अंशांच्या दुपारी नुसत्या पंख्याखाली पडून राहणं धोक्याचं ठरू शकतं. त्या वेळी मान, हात, पाय ओल्या पंचाने पुसून मग पंख्याखाली बसायचं. तेव्हा तोच पंखा काम करतो.

टेबल फॅन असेल तर रात्री त्याची जागा खिडकीत, आणि तोंड बाहेरच्या बाजूला. ऐकायला विचित्र वाटतं, पण तो आतली गरम हवा बाहेर ढकलतो आणि दाराकडून किंवा दुसऱ्या खिडकीतून गार हवा आपोआप आत ओढली जाते. पहिला तास-दीड तास असा लावा, खोली निवली की फिरवून अंगावर घ्या.

आणि खोलीत उष्णता तयार कोण करतं तेही बघा. शांत बसलेला माणूस साधारण १०० वॅटच्या बल्बइतकी उष्णता सोडतो, म्हणजे तिघे जण मिळून ३००. त्यात लॅपटॉपचे ५०-६०. जुना पिवळा बल्ब असेल तर तो आजच काढा. मॅगीसाठी लपवून ठेवलेली इंडक्शन शेगडी किंवा किटली दीड हजार वॅटच्या आसपास खाते आणि ती सगळी उष्णता, वाफेसकट, खोलीतच राहते. नियम बाजूला ठेवा, निदान एप्रिल-मेपुरती ती बंद करा.

ओलं कापड केव्हा चालतं आणि केव्हा नाही

फेब्रुवारी ते एप्रिल तासगाव-सावळजकडे बेदाण्याच्या शेडवर द्राक्षं वाळतात ती याच कोरड्या हवेवर. जी हवा द्राक्षातलं पाणी ओढून घेते, तीच तुमच्या पडद्यातलंही ओढते आणि वाळताना पाणी बरोबर उष्णता घेऊन जातं. एक लिटर पाणी वाळायला जवळपास पाऊण युनिट विजेइतकी उष्णता लागते. ती खोलीतल्या हवेतून जाते.

पण हे गणित सगळं कोरडेपणावर आहे. ३९ अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असेल तर वाऱ्यातलं ओलं कापड २२ अंशांच्या आसपास उतरू शकतं. त्याच तापमानाला आर्द्रता ५० टक्के झाली तर ते ३० अंशांवरच थांबतं. मेमध्ये वळीव पडायला लागला, ढग दाटून आले, की हा उपाय थंडावतो आणि खोली नुसती दमट होते.

ओळखायचं कसं? धुऊन पिळलेला टॉवेल दुपारी सावलीत वाळत घाला. तासाभरात कोरडा झाला तर ओले पडदे लावा. दोन-तीन तासांनीही ओलाच राहिला तर त्या दिवशी पाणी मारू नका, नुसता वारा घ्या.

लावायची पद्धत अशी. जुनी सुती चादर किंवा बारदान भिजवून, टपकणार नाही इतकं पिळून, वारा ज्या खिडकीतून आत येतो तिथे लावायचं. त्या वेळी ती खिडकी उघडी हवी आणि समोरून हवा बाहेर जायलाही वाट हवी. बंद खोलीच्या मधोमध दोरीवर ओली चादर टांगली तर अर्ध्या तासात घुसमट होते. कूलरचंही हेच. त्याची पाठ उघड्या खिडकीत पाहिजे, बाहेरची कोरडी हवा आत यायला. कूलरचं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण काढून टाकी घासून कोरडी करा, नाहीतर डेंग्यूचे डास तिथेच वाढतात.

पाण्याची बादली सकाळी भरा

गच्चीवरची काळी टाकी दुपारपर्यंत एवढी तापते की नळाचं पाणी अंगावर घेववत नाही. सकाळी सहा-सातला दोन बादल्या भरून बाथरूमच्या किंवा खोलीच्या सावलीच्या कोपऱ्यात झाकून ठेवा. दुपारी तोंड-हात-पाय धुवायला आणि रात्री झोपण्यापूर्वी अंघोळीला हेच पाणी. अंघोळ झाल्यावर अंग खसाखसा पुसू नका, किंचित ओलसर राहू द्या.

प्यायला माठ. खोलीत तिघांनी मिळून एक माठ घेणं ही सर्वांत चांगली खरेदी. बाहेरून रंग दिलेला माठ घेऊ नका, त्याची छिद्रं बुजलेली असतात. नवा माठ एक दिवस पाण्यात बुडवून ठेवा, मग वाळूच्या थरावर किंवा तिवईवर, वारा लागेल अशा सावलीत ठेवा. पाणी रोज बदला, आतून साबण लावू नका. वाळ्याची जुडी टाकली तर पाण्याला सुगंध येतो.

किती प्यायचं, याला एकच आकडा सांगता येत नाही. लघवी फिकट पिवळी असेल तर ठीक, गडद झाली तर कमी पडतं आहे. तहान लागायची वाट बघू नका, विशेषतः अभ्यासात डोकं घातलं की तहान कळत नाही. चहाच्या खेपा कमी करून ताक, पन्हं, कोकम सरबत प्या. आंबील तर आपल्याच भागातली, मेसच्या काकांना आठवड्यातून दोनदा करायला सांगून बघा, मोठ्या पातेल्यात स्वस्तात होते. उसाचा रस बर्फाशिवाय मागा. गाड्यावरचा लादीचा बर्फ बहुतेक वेळा पिण्याच्या पाण्याचा नसतो आणि परीक्षेच्या आठवड्यात जुलाब परवडत नाहीत.

झोपेची तयारी

फोमची गादी अंगाची धग धरून ठेवते. उन्हाळ्यापुरती ती गुंडाळून भिंतीला लावा आणि सतरंजी किंवा चटईवर झोपा. काथ्याची गादी त्यातल्या त्यात बरी. तापलेल्या भिंतीपासून कॉट हातभर दूर ओढा, विशेषतः डोक्याची बाजू.

गच्चीवर झोपायला परवानगी असेल आणि कठडा कमरेच्या वर असेल तर खुशाल झोपा, मात्र फरशी रात्री दहापर्यंत तापलेलीच असते. कपडे धुतलेलं शेवटचं स्वच्छ पाणी संध्याकाळी सातला गच्चीवर शिंपडा, नऊपर्यंत बसण्याजोगी होते. कठड्यावर बसू नका, त्याला टेकून झोपू नका. वळवाची लक्षणं दिसली, लांबवर वीज चमकली, की लगेच अंथरूण गुंडाळून खाली या.

दुपारी खोलीत अभ्यास होत नाही, तो करायचा हट्टही नको. पहाटे पाच ते नऊ हा उन्हाळ्यातला सोन्यासारखा वेळ, तेव्हा अवघड विषय. बारा ते पाच ग्रंथालयात किंवा तळमजल्यावरच्या वर्गात. संध्याकाळी आमराईत एक फेरी. कृष्णेत डुंबायला मात्र जाऊ नका. उन्हाळ्यात पाणी कमी दिसलं तरी पात्रात खोल डोह आहेत आणि सांगली जिल्ह्यात कृष्णेला मगरी आहेत.

ऊन लागलं तर

पायात गोळे, चक्कर, मळमळ, डोकं ठणकणं, भरपूर घाम: इथेच थांबायचं. सावलीत आडवं करा, पाय थोडे उंच ठेवा, कपडे सैल करा, अंग ओल्या फडक्याने पुसत वारा घाला, ओआरएस घोट-घोट द्या. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, दोन्ही चहाच्या चमच्याने. मीठ अंदाजाने वाढवू नका.

मुलगा बरळायला लागला, ओळखेनासा झाला, तोल जायला लागला, झटका आला किंवा बेशुद्ध पडला आणि अंग चटका बसेल इतकं तापलं असेल, तर तो उष्माघात आहे. शरीराचं तापमान १०४ अंश फॅरेनहाइटच्या वर गेलेलं असतं. घाम थांबलेला असेलच असं नाही. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत हातावर हात धरून बसू नका: बाथरूममध्ये नेऊन अंगावर पाणी ओतत राहा, काखेत, मानेला, जांघेत बर्फ लावा, पंखा जोरात लावा. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका. पॅरासिटामॉल देऊ नका, हा ताप जंतूंचा नसतो, गोळीने उतरत नाही. सांगलीचं सिव्हिल आणि मिरजेचं शासकीय रुग्णालय दोन्ही जवळ आहेत, रिक्षाने नेणं लवकर होणार असेल तर तसं न्या, पण अंग ओलं ठेवणं वाटेतही चालू ठेवा.

मानसिक आजारावरची, ॲलर्जीची किंवा रक्तदाबाची काही औषधं उन्हाचा त्रास वाढवतात. अशी गोळी रोज चालू असेल तर मार्चमध्येच डॉक्टरांना विचारून ठेवा आणि खोलीतल्या एका मित्राला सांगून ठेवा.

रेक्टरांकडे अर्ज

एकट्याने तोंडी सांगितलेलं राहून जातं. मजल्यावरच्या सगळ्यांच्या सह्या घेऊन लेखी द्या आणि मागण्या मोजक्या ठेवा: वरच्या मजल्यावर गच्चीला चुना, पश्चिमेच्या खिडक्यांना शेडनेट, बंद पंख्यांची यादी खोली क्रमांकासह, पाण्याच्या टाकीवर सावली, ग्रंथालय रात्री उशिरापर्यंत उघडं, आणि कार्यालयात ओआरएसची पाकिटं व थर्मामीटर. यातल्या कशालाही मोठा खर्च नाही, पण मंजुरी आणि खरेदीला वेळ लागतो. अर्ज फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात गेला तर मार्चअखेर काम होतं. एप्रिलमध्ये दिलात तर नेट येईपर्यंत पाऊस सुरू झालेला असतो.